वाचक विचारतात: बॉर्डरचा जोड दिसतोय!

प्रश्न: डाव्या बाजूला वेलबुट्टीची बॉर्डर असलेलं बॅकग्राउंड केलंय, पण वेबपेजवर ते खाली रिपीट होताना दर वेळी आडवी रेघ दिसते. काय करू?

उत्तर: वेल वरच्या कडेला जिथे कापली जाते बरोबर तिथूनच खालच्या कडेला निघत नाहीये, म्हणून ती रेघ. फोटोशॉपमध्ये फिल्टर मेनूत अदर, त्यात ऑफसेट घ्या, आडवं शून्य ठेवा, उभं टाइलच्या (रिपीट होणाऱ्या चित्राच्या) उंचीच्या निम्मं, म्हणजे २०० पिक्सेल असेल तर १००, आणि रॅप अराउंड (एका कडेबाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत आणणारा पर्याय) निवडायला विसरू नका, मग तो जोड मधोमध येतो आणि क्लोन स्टॅम्पने (चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणारं टूल) निवांत बुजवता येतो, फक्त आता वरखालच्या कडांना हात लावायचा नाही, त्या आपोआप जुळल्यात. परत ऑफसेट मारून बघा. गिंपमध्येही (फोटोशॉपसारखंच मोफत सॉफ्टवेअर) ऑफसेट आहे, लेयर मेनूत ट्रान्सफॉर्मखाली.

वर ड्रॉप शॅडो वगैरे असेल तर आधी लेयर्स एकत्र करा, नाहीतर सावली कडेला तुटते (हे हमखास होतं). सीएसएसमध्ये (पेजची मांडणी ठरवणारा कोड) बॅकग्राउंडला रिपीट-वाय द्या, म्हणजे ते फक्त उभं रिपीट होईल, मग टाइल उगाच रुंद करायला नको. सेव्ह पीएनजीतच करा, जेपेगमध्ये कडेचे रंग किंचित बदलू शकतात.