ट्यूबलेस टायर घरी बसवताना : वाचकांचे प्रश्न

डोंगरवाटांवर बोरीबाभळीच्या काट्यांनी त्रासलेले अनेक सायकलस्वार आता माउंटन बाइकला ट्यूबलेस टायर लावू लागले आहेत, आणि त्यांच्या पत्रांतील बहुतेक प्रश्न एकाच टप्प्याभोवती फिरतात : टायर रिमवर नीट बसवणे आणि त्यात पहिली हवा भरणे. टायरच्या आतल्या कडेला, जिच्यात मजबूत तंतू किंवा तार गुंफलेली असते, दुकानांत बीड म्हणतात. पुढे तोच शब्द वापरला आहे.

प्रश्न : मी 29 इंची चाकाला प्रथमच ट्यूबलेस टायर चढवला. घरच्या उभ्या पंपाने शंभराहून अधिक वेळा पंप मारला, तरी हवा दोन्ही बाजूंनी फसफसून निघून जाते आणि टायर ढिम्म हलत नाही. मोठा पंप घ्यावा का? (सातारा)

पंप घेण्याची घाई करू नये. ट्यूब असते तेव्हा ती स्वतः फुगते आणि टायरच्या दोन्ही बीडना रिमच्या काठाकडे ढकलते. ट्यूबलेसमध्ये हेच काम मोकळ्या हवेने करायचे असते, आणि बीड व रिम यांच्यात फट आहे तोवर आत गेलेली हवा त्याच फटीतून बाहेर पडत राहते. म्हणजे अडचण दाबाची नसून प्रवाहाची आहे : जेवढी हवा निसटते त्याहून अधिक हवा क्षणभर तरी आत शिरली पाहिजे. त्यासाठी आधी फट कमी करावी आणि हवेची वाट मोठी करावी. पंपाचा विचार त्यानंतर.

नवा टायर घडी घालून आलेला असतो व त्याच्या बीडला बाक आलेला असतो. हा बाक काढण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पहिल्या रात्री टायरमध्ये साधी ट्यूब घालून तीसेक पीएसआय, म्हणजे पंक्चरवाल्यांच्या भाषेत तीस पाउंड, हवा भरून चाक टांगून ठेवणे. दुसऱ्या दिवशी टायरची एकच बाजू रिमवरून सोडवावी, ट्यूब काढावी, तिच्या जागी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवावा आणि सोडवलेली बाजू पुन्हा आत घ्यावी. दुसरी बाजू आदल्या रात्रीच घट्ट बसलेली असते, त्यामुळे आता एकाच फटीशी झुंजायचे उरते. शिवाय रिमवरची टेप, म्हणजे रिममधील स्पोकची भोके झाकून हवा अडवणारी चिकटपट्टी, हीही ट्यूबच्या दाबाने सपाट चिकटते. शंभर वेळा पंप मारून न बसलेले टायर या एका युक्तीने पहिल्या दहा-पंधरा दमांत बसलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

सोडवलेली बाजू आत घेताना व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करावी व शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. बीड तिच्यात उतरली की टायरला सैलपणा मिळतो आणि शेवटचा घट्ट भाग लिव्हरशिवाय अंगठ्यांनी चढतो. व्हॉल्व्ह असलेल्या ठिकाणी बीड पन्हळीत पूर्ण उतरू शकत नाही, म्हणून तो भाग शेवटी ठेवायचा. टायर चढल्यावर मात्र उलट काम करावे : बोटांनी सगळीकडून बीड पन्हळीतून वर, काठाजवळच्या सपाट पट्टीकडे ओढून आणावी. व्हॉल्व्ह थोडा आत ढकलून पाहावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बीड आहे, एकही त्याच्या बुडाखाली अडकलेली नाही, याची खात्री करावी. पंपाला दोष दिला जातो तेव्हा खरे कारण पुष्कळदा याच जागी सापडते.

यानंतर व्हॉल्व्हमधील कोअर, म्हणजे आत आट्यांनी बसवलेला बारीक सांगाडा, छोट्या चावीने उलगडून काढावा. हवेचा मार्ग तेवढ्यानेच बराच रुंद होतो. बीडला दोन्हीकडून ब्रशने साबणाचे पाणी लावावे. चाक जमिनीवर टेकवू नये, कारण टेकलेल्या जागी टायर दबून फट उघडते. ते खुंटीला किंवा स्टँडला टांगावे आणि मग न थांबता, वेगाने पंप मारावा. टायर अंग धरू लागल्याचे हाताला कळते : पंपाची दांडी जड होते, साबणाचा फेस रिमच्या कडेने बुडबुडत बाहेर येतो आणि मग एकदा, कधी दोन-तीनदा, टण् असा खणखणीत आवाज होतो. तो बीड आपल्या जागी बसल्याचा आवाज. पंप काढल्यावर हवा जाईल, पण बसलेली बीड सहसा हलत नाही. त्याच वेळी इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने व्हॉल्व्हमधून सीलंट, म्हणजे बारीक छिद्रे आतून बुजवणारा द्रव, सोडावे, कोअर परत बसवावा आणि पुन्हा हवा भरावी. टायर कोरडा बसवून मग सीलंट घालण्याचा हा क्रम मला सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण सीलंट आधी ओतले आणि टायर बसला नाही, तर ते भिंतीपर्यंत उडते आणि डोळ्यांतही जाऊ शकते.

प्रश्न : चाक पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरवर नेले तर चालेल का? माझा मित्र शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत हवा साठवून ती एकदम सोडतो. तेही सोपे दिसते. (पुणे)

कॉम्प्रेसर चालेल. सायकलचा बारीक व्हॉल्व्ह आणि दुकानातील नोझल यांचे माप जुळत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर सोबत न्यावा. कोअर काढता येणाऱ्या व्हॉल्व्हवर हा अडॅप्टर बहुधा कोअरच्याच आट्यांवर बसतो, त्यामुळे तेथे कोअर आतच ठेवावा लागतो. कॉम्प्रेसरच्या प्रवाहापुढे त्याचा अडथळा फारसा जाणवत नाही. दुकानदाराला किती पाउंड हवेत ते आधी सांगावे आणि हवा थोडी थोडी भरून घ्यावी, कारण ती टाकी ट्रकच्या टायरांसाठी असते आणि सायकलचा टायर काही क्षणांत मर्यादा ओलांडतो.

बाटलीचा प्रयोग कृपया करू नये. अशी बाटली वारंवार दाबाखाली भरण्यासाठी, भोके पाडून नळ्या जोडण्यासाठी बनवलेली नसते. ती कधी फुटेल याचा अंदाज बाहेरून येत नाही आणि फुटते तेव्हा आपला चेहरा तिच्याजवळ असतो. त्याऐवजी याच कामासाठी बनवलेली धातूची छोटी टाकी मिळते. तिचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे : 29 इंची, 2.3 इंच रुंदीच्या टायरच्या पोकळीत साधारण साडेपाच लिटर जागा असते. एक-सव्वा लिटरच्या टाकीत साध्या पंपाने दीडशे पीएसआयपर्यंत हवा भरली आणि झडप उघडली, तर टायरमध्ये वीस-पंचवीस पीएसआयपर्यंत दाब एका दमात पोहोचू शकतो. बीड बहुतेक वेळा तेवढ्यात बसते.

प्रश्न : टायर बसला, पण एका ठिकाणी हातभर लांबीचा भाग आत दबलेला राहतो आणि चाक फिरवले की टायर उडी मारल्यासारखा दिसतो. पन्नास पाउंडांनंतरही तो वर येत नाही. साठ-सत्तरपर्यंत जावे का? (नाशिक)

जाऊ नये. टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो आणि रिमलाही स्वतःची मर्यादा असते. या दोहोंपैकी जो आकडा लहान, तो आपला. रस्त्यावरच्या सायकलीत ऐंशी पीएसआय हवा सर्रास भरतात, मग येथे साठ का नको, असे वाटू शकते. परंतु रिमच्या भिंतींवर येणारा ताण केवळ दाबावर नाही, तर टायरच्या रुंदीवरही अवलंबून असतो. 28 मिलिमीटरच्या टायरमधील ऐंशीपेक्षा 2.4 इंची टायरमधील पन्नास पीएसआय रिमला अधिक जोराने बाहेर रेटतात. बीड निसटली तर स्फोटासारखा आवाज होतो, कानाला इजा होऊ शकते आणि रिमही वाकू शकते.

जवळपास प्रत्येक टायरवर रिमच्या काठालगत एक बारीक उठावदार रेषा असते. ती रेषा आणि रिमचा काठ यांतील अंतर चाकभर सारखे हवे. जेथे रेषा काठाखाली बुडालेली दिसते, तेथे बीड अडकली आहे. हवा पूर्ण सोडावी, तेवढ्या भागाला साबणाचे पाणी पुन्हा लावावे, टायर तळव्यांनी दोन्ही बाजूंना रेटून सैल करावा आणि मग छापील मर्यादेच्या आत राहून हवा भरावी. साबणाचे पाणी कोरडे पडणे हेच याचे नेहमीचे कारण असते. काम झाल्यावर दाब लगेच उतरवावा. सत्तर किलो वजनाच्या स्वाराने 2.3 इंची टायरसाठी पुढे बावीस व मागे पंचवीस पीएसआयपासून सुरुवात करून वाटेप्रमाणे कमी-अधिक करावे.

प्रश्न : संध्याकाळी सर्व व्यवस्थित असते, सकाळी टायर बसलेला असतो पण हवा गेलेली असते. सीलंट वाढवू का? (कोल्हापूर)

आधी हवा कोठून जाते ते शोधावे. संपूर्ण चाकाला साबणाचे पाणी लावून पाच मिनिटे निरखावे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक बारीक बुडबुडे दिसले तर काळजी नाही; नव्या टायरची भिंत थोडी सच्छिद्र असते. चाक जोराने हलवावे आणि बादलीवर आडवे ठेवून दर अर्ध्या तासाने पालटावे, म्हणजे सीलंट तेथे पोहोचून छिद्रे बुजवते. व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे असतील तर नट बोटांनी घट्ट करावा. पक्कड लावली तर आतला रबरी भाग दबून वाकडा होतो आणि गळती वाढते.

पण तारांच्या मुळाशी, म्हणजे स्पोक रिमला मिळतात तेथे, बुडबुडे येत असतील तर टेपमधून हवा जाते आहे आणि तेथे कितीही सीलंट ओतले तरी इलाज टिकत नाही. ती हवा रिमच्या पोकळीत शिरून दूरच्या कोणत्याही भोकातून बाहेर पडते, म्हणून बुडबुडा दिसतो तेथेच टेप फाटली आहे असे समजू नये. टेप पूर्ण काढावी, रिम स्पिरिटने पुसून वाळवावी, आणि रिमच्या आतील रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अधिक रुंद टेप ताणून, एकही सुरकुती न ठेवता, काठापासून काठापर्यंत लावावी. दोन्ही टोके व्हॉल्व्हच्या भोकापासून दूर, वीतभर एकमेकांवर यावीत. भोक ब्लेडने फुली मारून कापू नये, कारण त्या चिरा पुढे वाढत जातात. टोकदार टोच्या तापवून गोल छिद्र पाडावे आणि व्हॉल्व्ह त्यातून घट्ट सरकवावा.

प्रश्न : माझी दहा वर्षांपूर्वीची सायकल आहे, रिम साधी आहे. टेप लावून ती ट्यूबलेस करता येईल का? (रत्नागिरी)

माझा सल्ला नकारार्थी आहे. फ्रान्समधील माव्हिक कंपनीने मिशलँ आणि हचिन्सन यांच्यासह 1999 मध्ये माउंटन बाइकसाठी ट्यूबलेसची प्रणाली आणली, तेव्हापासून या रिमचा आकारच वेगळा घडवला जातो : बीड बसण्याची पट्टी काटेकोर मापाची असते आणि तिच्या आतल्या बाजूला बहुधा एक छोटा उंचवटा असतो, जो वळणावर बीडला पन्हळीत घसरू देत नाही. साध्या रिमवर तो आधार नसतो. टेपने हवा अडेल, परंतु उतारावर कमी दाबात टायर एकाएकी सुटू शकतो. ट्यूबच ठेवावी आणि तिच्यातच थोडे सीलंट घालावे. त्यासाठी कोअर काढता येणारी ट्यूब घ्यावी.

प्रश्न : विदर्भातील उन्हाळ्यात सीलंट किती दिवस टिकते? (नागपूर)

ते लवकर आटते. 29 इंची टायरला सुमारे शंभर मिलिलिटर सीलंट लागते, आणि कडक उन्हाळ्यात दर महिन्याला ते तपासावे. व्हॉल्व्ह चाकाच्या तळाशी आणून थोडे थांबावे, जेणेकरून सीलंट तेथे जमेल. मग चाक किंचित फिरवून व्हॉल्व्ह जरा वर घ्यावा, हवा सोडावी, कोअर काढावा आणि पातळ प्लास्टिकची पट्टी आत घालून, गाडीचे तेल पाहतो तसे पाहावे. पट्टी ओली आली तर पुरे आहे. कोरडी आली किंवा रबराच्या गुठळ्या लागल्या तर साठ-सत्तर मिलिलिटर नवे घालावे. सायकल उन्हात, पत्र्याच्या शेडखाली उभी करत असाल तर तिची जागा बदलावी.