ईएससी आणि एबीएस एकच ना? मग ईएससीसाठी वरचं व्हेरिएंट घ्यावं का?

एकच नाही. एबीएस म्हणजे गाडीचे अँटी-लॉक ब्रेक, ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा. पण गोंधळ होणं साहजिक आहे, कारण ईएससी एबीएसच्याच सामानावर उभं असतं. आणि हो, सनरूफ नसलं तरी चालेल, ईएससी घ्याच.

मी इंदूरचा. ओंकारेश्वरला वरचेवर जाणं होतं. काही वर्षांपूर्वी आषाढात आईला घेऊन भेरूघाट उतरत होतो. वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती पसरली होती, वरून भुरभुर पाऊस. माळव्याची काळी माती ओली झाली की साबणच. गाडीचं मागचं अंग बाहेर सरकलं. तेवढ्यात पायाखाली घरघर झाली, डॅशबोर्डावर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला आणि नाक परत रस्त्याकडे आलं. ब्रेकला मी पायही लावला नव्हता.

फरक इथेच आहे. तुम्ही ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणं, हे एबीएसचं काम. ईएससी स्वतःहून ब्रेक लावतं, तेही हव्या त्या एकाच चाकाला. तुम्हाला कुठे वळायचंय हे स्टिअरिंगच्या कोनावरून कळतं. गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय आणि आडवी किती ढकलली जातेय, हे दुसरे सेन्सर सांगतात. चाकांचा वेग एबीएसकडून मिळतो. मेळ बसला नाही की कारवाई.

ओंकारेश्वरचे नावाडी पाहिलेत? एका बाजूचं वल्हं पाण्यात रोवून धरलं की नाव त्याच बाजूला वळते. तसंच हे. मागचं अंग बाहेर निघालं तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरलं जातं. गाडी वळायलाच तयार नसेल, सरळच घसरत असेल, तर आतल्या बाजूचं मागचं. गरज पडली तर इंजिनचा जोरही कमी केला जातो.

बॉश आणि मर्सिडीजने हे 1995 मध्ये एस-क्लासमध्ये आणलं. 1997 मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत छोटी ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने त्या गाडीतही ते सरसकट बसवलं. आपल्याकडे 2023 पासूनच्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतंच.

मात्र गुळगुळीत टायरांवर ते काहीच करू शकत नाही. रस्त्याला टेकलेला असतो तो प्रत्येक टायरचा तळहाताएवढा भाग, पकड तिथूनच यायची. त्यामुळे पावसाळ्याआधी टायर बघा. ईएससी बंद करायचं ऑफचं बटण फक्त चिखलात रुतल्यावर वापरा, आणि बाहेर निघालात की लगेच परत चालू करा.