उत्तर: लांबच्या क्रूझवर 'आपण आपले बरे' म्हणू नका, पहिल्याच रात्री मोठ्या टेबलावर बसा

प्रश्न असा आहे: "आम्ही नवरा-बायको साठीपुढचे, पहिल्यांदाच पंधरा दिवसांच्या क्रूझला निघालोय. जहाजावर मराठी कोणी असेल असं वाटत नाही. सुरुवातीला सहप्रवाशांशी ओळख कशी करावी, की आपण आपले बरे?"

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे, ते ओघात येईलच. दुसऱ्या भागावर मात्र मला बोलायचंच आहे. 'आपण आपले बरे' हे आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की कुठेही वाचलं तरी गप्प बसवत नाही.

आम्ही गेलो ती क्रूझ फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून बार्सिलोनाला जाणारी. एप्रिलच्या सुमारास कॅरिबियनचा हंगाम उतरतो आणि बरीच जहाजं उन्हाळ्यासाठी युरोपकडे निघतात. त्यांना तसंही अटलांटिक ओलांडायचंच असतं, म्हणून ही तिकिटं स्वस्त पडतात. वाटेत पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर पोंटा डेल्गाडाला थांबा, त्याआधी कित्येक दिवस नुसतं पाणी. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने तिकिटं काढून दिली. आम्ही दोघं, माझे मोठे दीर आणि जाऊबाई. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले. मी डोंबिवलीत शाळेत भूगोल शिकवत असे, तोही मराठी माध्यमात.

आमची जेवणाची वेळ आणि टेबल ठरलेलं होतं, सात जणांचं. आम्ही चौघं, कॅनडातल्या मॅनिटोबाचं एक शेतकरी जोडपं आणि इंग्लंडमधून एकट्या आलेल्या एक निवृत्त नर्सबाई. भाऊजींनी दारातूनच टेबल पाहिलं आणि म्हणाले, "यांच्यात कुठे बसायचं? पंधरा दिवस काय इंग्रजीत जेवायचं?" तडक हेडवेटरकडे गेले आणि चौघांचं वेगळं टेबल मागून आले. मिळालंही, अगदी मागे, किचनच्या दाराजवळ. मला म्हणाले, "चला."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आणि ताई बसा तिकडे. आम्ही इथेच बसतो."

लग्न होऊन घरात आल्यापासून मी त्यांना 'नाही' म्हटलं नव्हतं. ह्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. त्याबद्दल मी ह्यांना आजही मानते.

इंग्रजी माझंही बेताचंच आहे. वाक्य मनात जुळवून बोलावं लागतं. पण त्या शेतकऱ्याने गहू म्हटल्यावर मला शब्द सापडायला लागले. प्रेअरीचा गवताळ प्रदेश म्हणजे जगाचं गव्हाचं कोठार, हे मी फळ्यावर नकाशा काढून वर्षानुवर्षं शिकवलंय, आणि समोर तिथे गहू पिकवणारा माणूस बसलेला! मी विचारलं, पेरणी कधी करता? म्हणाला मे महिन्यात, बर्फ वितळून जमीन वाळली की. कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात. मग त्याने कागदी नॅपकिनवर पेनाने चौकोन काढले. एकेक चौकोन एक मैल बाय एक मैल, म्हणजे ६४० एकर, त्याला ते सेक्शन म्हणतात. त्याचे चार भाग केले की १६० एकरांचा क्वार्टर. सगळा मुलूख असा पट्टीने आखलेला, मधून सरळ रस्ते. त्याने त्यातला एक क्वार्टर पेनाने भरला आणि म्हणाला, आजोबांनी इथून सुरुवात केली.

मग पेन त्याने माझ्या हातात दिलं. मी सह्याद्री काढला, पूर्वेकडची काळी जमीन काढली आणि सांगितलं की आमच्याकडे गहू रब्बीला, दिवाळीच्या आसपास पेरतात, बर्फाचा प्रश्नच नाही, विहिरीच्या पाण्यावर येतो. पाच एकरवाल्याला आमच्याकडे कोणी अगदी गरीब म्हणत नाही, हे ऐकून तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने विचारलं, पाच एकरात घर चालतं? त्यावर हेच बोलले, कारण ह्यांचं आजोळ शेतकऱ्याचं. कर्ज, पाऊस, भाव, सगळं सांगितलं. ह्यांना इतकं सलग इंग्रजी बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. हे पहिल्या रात्री झालं म्हणून झालं. लांबच्या क्रूझवर माणसं पहिल्या दोन दिवसांत एकमेकांना चाचपतात, नंतर कोंडाळी पक्की होतात. तिसऱ्या दिवशी कोणी हाकलून देत नाही, पण जागा भरलेल्या असतात. दुपारी ट्रिव्हिया नावाची प्रश्नमंजुषा असते. पहिल्या सी-डेला, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी, ज्या टोळक्याबरोबर बसलात, तीच बहुधा शेवटपर्यंत तुमची टीम. आम्हाला नर्सबाईंनी टेबलावरूनच उचलून नेलं. राजधान्या आणि नद्या माझ्याकडे, औषधं आणि इंग्लंडचे राजेराण्या त्यांच्याकडे. शिवाय पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर घड्याळं एकेक तास पुढे सरकत जातात. फ्लोरिडा ते बार्सिलोना सहा तासांचा फरक, तो रात्रीच्या झोपेतूनच वळता होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी माणसं जेवून थेट खोली गाठतात. तेव्हा नव्या ओळखीचा हुरूप कोणाला राहत नाही.

पूर्वी सुरुवातीलाच आणखी एक संधी मिळायची, ती मस्टर ड्रिलची. लाइफ जॅकेटचा सराव बघायला तुमच्या भागातल्या खोल्यांमधले सगळे एकत्र उभे राहायचे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालायची. मग नियम कडक झाला. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल घ्यावी लागते. कोविडनंतर मात्र बऱ्याच कंपन्यांनी ती फोनवर आणली: व्हिडिओ बघा, नेमून दिलेल्या जागेवर, म्हणजे मस्टर स्टेशनवर, जाऊन कार्ड दाखवा, सुटलात. तरीही स्टेशनवर जाल तेव्हा पाच मिनिटं रेंगाळा. 'तुमची खोली ह्याच मजल्यावर का?' एवढं विचारलंत तरी पुरतं.

आमच्या वेटरचीही गोष्ट सांगते. तो गोव्याचा निघाला. गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, पिढ्यान्पिढ्या जहाजांवर आहेत, तेव्हा 'मराठी कोणी नसेल' हा तुमचा अंदाज प्रवाशांपुरता खरा ठरेलही, खलाशांपुरता ठरेलच असं नाही. आम्ही आपसात बोलत होतो ते ऐकून तो हळूच म्हणाला, "काकू, उद्यासाठी डाळ-भात सांगून ठेवू का? आदल्या रात्री सांगितलं की किचन करून देतं." दुसऱ्या दिवशी डाळ आली, ती नर्सबाईंनीही घेतली, आणि फोडणी म्हणजे काय हे मी समजावून सांगितलं. भाऊजींच्या टेबलाचा वेटर वेगळा होता. तिकडे ते पास्ता आणि सॅलडवर होते, कारण त्यांना सांगणारं कोणी भेटलं नाही.

पोंटा डेल्गाडाला शेतकरी जोडपं, नर्सबाई आणि आम्ही, पाच जणांनी मिळून मोठी टॅक्सी केली. त्याच बेटावर फुर्नासला जमिनीतून वाफ येते, तिथे मांस-भाज्यांची पातेली खड्ड्यात पुरून तास न् तास शिजवतात, त्याला कोझिडो म्हणतात. दुपारी दोरीने पातेली वर काढताना पाहिली. येताना १८८३ पासून चालू असलेला गोर्रेआनाचा चहामळा. समुद्राकडे उतरत गेलेल्या चहाच्या रांगा, आणि त्या युरोपात! अझोर्सचा हवेच्या जास्त दाबाचा प्रदेश मी मुलांना पाठ करायला लावायचे, त्या बेटावर उभी राहून मी चहा प्यायले. टॅक्सीचं भाडं पाच जणांत वाटलं गेलं, जहाजाच्या सहलीपेक्षा कितीतरी कमी.

त्याच संध्याकाळी ताई आमच्या टेबलाशी आल्या, हातात क्रोशाची सुई. म्हणाल्या, "मला पहिल्या दिवशीच इथे बसायचं होतं." त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. भाऊजींचं म्हणणं आजही तेच: "त्यातलं कोण आज तुम्हाला फोन करतं?" तर ऐका, शेतकऱ्याची बायको दर वर्षी पेरणी झाली की ईमेल करते. आणि समजा नसती केली, तरी? आमचे ते दोन आठवडे माणसांत गेले. ताईंचे निम्मे दिवस किचनच्या दाराकडे बघण्यात गेले, आणि ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. एकाने ठरवायचं आणि दोघांना पटलंय असं सांगायचं, ही पद्धत आमच्या घरात फार जुनी आहे. म्हणून तुम्हाला उलट विचारते: 'आपण आपले बरे' हे तुम्हा दोघांपैकी कोणाचं मत आहे? दुसऱ्याला विचारलंत का?

काही गोष्टी राहिल्या. हल्ली बऱ्याच जहाजांवर 'कधीही या, कुठेही बसा' असं जेवण असतं. त्यात टेबल मुद्दाम मागावं लागतं, दारावर सांगा की इतरांबरोबर बसायला आवडेल. खोलीचा नंबर नव्या ओळखीला सांगू नका. पगार, मुलांचे पगार, 'लग्न का नाही केलं' हे प्रश्न नकोत. पोटाच्या साथीच्या भीतीने बरेच लोक हात मिळवत नाहीत, नमस्कार केलात तर उलट त्यांना बरं वाटतं. कोणी पुस्तकात डोकं घालून बसलं असेल तर त्याला त्याचं वाचू द्या. एखाद्या माणसाशी खरंच पटेना झालं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेबल बदलून घेण्यात काही गैर नाही, पण आधी बसून बघा. आणि हे सगळं लांबच्या प्रवासाचं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझवर बहुतेक सगळे आपापल्या गोतावळ्यासह येतात, तिथे यातलं फारसं लागू पडणार नाही.