हवेतील वा पाण्यातील पाऱ्याच्या प्रदूषणामुळे मुलांमध्ये स्वमग्नता (ऑटिझम) येते का?

तसे सिद्ध झालेले नाही, मात्र प्रश्न निराधारही नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील एका अभ्यासात, उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या पाऱ्याच्या दर हजार पौंडांमागे (सुमारे ४५४ किलो) स्वमग्नतेचे प्रमाण ६१ टक्क्यांनी अधिक आढळले होते. हा आकडा बराच गाजला. परंतु ती तुलना जिल्ह्याजिल्ह्यांची होती, एकेका मुलाच्या शरीरात किती पारा गेला हे त्यात मोजलेलेच नव्हते, आणि औद्योगिक भागात निदानाच्या सोयीही अधिक असू शकतात.

याउलट हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर, जिथे गरोदर स्त्रियांच्या आहारात मासे, आणि त्यांतून येणारा पारा, भरपूर असतो, मातांच्या केसांतील पारा मोजून १,७८४ मुले व तरुण तपासण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत स्वमग्नतेच्या लक्षणांशी पाऱ्याचा संबंध दिसला नाही. माझ्या मते हा पुरावा अधिक वजनदार आहे.

याचा अर्थ पारा निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचे एक विषारी संयुग) माशांमार्फत गर्भापर्यंत पोहोचले आणि अनेक मुले मेंदूला गंभीर इजा घेऊनच जन्मली. पण त्यांचा आजार सेरेब्रल पाल्सीसारखा (मेंदूच्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारा) होता, स्वमग्नतेसारखा नव्हे. गरोदरपणी शार्क, सुरमईसारखे मोठे शिकारी मासे, ज्यांत पारा अधिक साठतो, कमी खावेत आणि बांगडा, तारली यांसारखे लहान मासे निवडावेत. स्वमग्न मुलाच्या शरीरातून ‘पारा काढण्याचे’ कीलेशन उपचार मात्र टाळावेत, कारण त्यांत मृत्यूही ओढवला आहे.