कार्ड शोधताय, पण यादीत नाव बघितलंत का?

या वेळी मतदार ओळखपत्राबद्दलचे प्रश्न इतके आले की बाकीचे बाजूला ठेवलेत.

प्रश्न : आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी लातूरकडच्या, नऊ वर्षं झाली पुण्यात राहतायत. वोटिंग कार्ड गावचं आहे. त्यांना आता इथे मत द्यायचंय, पण लाईट बिल घरमालकाच्या नावावर आणि अॅग्रीमेंट वगैरे काही नाही. चौकातला एकजण म्हणतो पाचशे द्या, नवीन कार्ड काढून देतो. द्यावेत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात देऊ नका. नोंदणीला फी नाहीच, आणि तो माणूस बहुतेक फॉर्म 6 भरणार, तिथेच घोळ होतो, कारण फॉर्म 6 हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी असतो आणि त्यात "माझं नाव दुसरीकडे कुठे नाही" असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. मावशींचं नाव गावात आहे, म्हणजे ते खोटं ठरलं, आणि खोटं लिहून दिलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. सही मावशींची असणार, त्याची नाही!

त्यांना लागतो फॉर्म 8, पत्ता बदलल्याचा. कार्डाचा नंबर तोच राहतो, फक्त यादी बदलते. पत्त्यासाठी आधार किंवा बँकेचं नाहीतर पोस्टाचं पासबुक चालतं, त्यावर इथला पत्ता असला की झालं, त्यामुळे आधी ते करून घ्या. काहीच नसेल तरी अर्ज करा, बीएलओ, म्हणजे आपल्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारे, घरी येऊन खात्री करतात. बीएलओ म्हणजे कोणी मोठा साहेब नव्हे हो, बऱ्याचदा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई असतात. आपल्या भागाचे बीएलओ कोण ते मतदार पोर्टलवर दिसतं किंवा 1950 ला फोन करा.

एक गोष्ट मात्र मावशींना आधीच सांगा. इथे नाव आलं की गावचं नाव जाणार, आणि ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, म्हणजे सरपंचाच्या निवडणुकीलाही गावात मत नाही. काहीजणांना ते नको असतं, गावात चुलत्याची शीट उभी असते, गाडी पाठवून बोलावतात. तो निर्णय त्यांचा, आपण घाई करायची नाही.

प्रश्न : कार्ड हरवलंय आणि यादीत आडनावाची वेलांटी चुकलीय. बूथवरून परत पाठवतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. यादीत नाव असेल तर कार्डाशिवायही मत देता येतं, आणि वेलांटी-उकाराच्या चुकीसाठी अडवत नाहीत, माणूस तोच आहे हे पटलं की पुरे. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटो असलेले पेन्शनचे कागद, दिव्यांगांचं यूडीआयडी, यातलं एक पुरतं. रेशनकार्ड चालत नाही. आमची आजी मागच्या वेळी तेच पिशवीत घालून गेली होती, भर उन्हात पासबुकासाठी घरी परत. घरी येणारी मतदार चिठ्ठी पण नुसती चालत नाही, ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक सांगते. मोबाईलमधला आधारचा फोटो दाखवू नका, मूळ कागद न्या.

उलट कार्ड खिशात आहे पण यादीत नाव नाही, तर काहीही उपयोग नाही. लोक इथेच फसतात, 2009 चं कार्ड दाखवून भांडतात. दर निवडणुकीआधी यादी बघा, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेल्यावर नाव घालता येत नाही.

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये 18 ची होतेय, जानेवारीपर्यंत थांबायचं का?
– एक आई, सांगली

उत्तर : नको. 18 पूर्ण आहेत का ते बघायच्या आता वर्षात चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. तिची ऑक्टोबरची. 17 पूर्ण असतील तर अर्ज आत्ताच भरून ठेवता येतो.

प्रश्न : आम्ही कॉलेजची मुलं पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांचे फॉर्म भरतोय, पण "पत्ता" या रकान्यातच अडकतो.
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : अडकू नका, बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. जिथे झोपतात ती जागा लिहा, अमक्या पुलाखाली, तमक्या दवाखान्यासमोर, जितकं नेमकं तितकं चांगलं. मग बीएलओंनी रात्री तिथे जाऊन माणूस खरंच झोपतो का ते बघायचं असतं. त्यामुळे फॉर्म भरून निघून येऊ नका, बीएलओंना भेटा, कधी येणार ते विचारा, आणि त्या रात्री ती मंडळी कामासाठी किंवा लग्नात वाढायला दुसरीकडे गेलेली नाहीत एवढं बघा. जमलं तर तुमच्यातला एकजण तिथे थांबा, अंधारात कोणाचं नाव काय हे बीएलओंना कोण सांगणार?