घरच्या सफरचंदावर डाग पडले, पानं गळाली, तर द्राक्षाचंच औषध मारू का?

तुम्ही लिहिलंय की विट्याजवळ घरामागं हरिमन-९९ ची (उष्ण भागातही येणारं सफरचंदाचं वाण) दोन झाडं आहेत, मे महिन्यात फळांवर तपकिरी डाग आले, ऑगस्टात पानं पिवळी पडून गळाली आणि शेडमध्ये द्राक्षाची औषधं पडून आहेत. मी तासगावकडचा द्राक्षवाला, बांधाला थोडी सफरचंदंही आहेत. माझं म्हणणं एवढंच की पंप उचलायच्या आधी चाकू घ्या.

डागावरून फळ उभं कापा. सालीखाली बुचासारखे तपकिरी, कोरडे ठिपके, तेही जास्त करून फळाच्या बुडाकडं आणि चवीला कडवट, तर तो रोगच नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडलंय, बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. आपल्या चुनखडीच्या रानात कॅल्शियमला तोटा नसतो. पण आठ दिवस कोरडं ठेवून एकदम पाट सोडला, वर युरिया दिला, की झाड पालाच वाढवत बसतं आणि फळ उपाशी राहतं. पाणी थोडं थोडं पण नेमानं द्या, युरिया थांबवा. फळ सुपारीएवढं झाल्यावर कॅल्शियम क्लोराइड लिटरला ३ ते ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर, पंधरवड्याच्या अंतरानं फवारा.

डाग फक्त पश्चिमेच्या बाजूला, पिवळट आणि चामड्यासारखा असेल तर ते ऊन लागलंय. शेडनेट बांधा, विषय संपला.

डाग गोल, खोलगट, त्यात वर्तुळात वर्तुळं आणि कापल्यावर कूज टोकदार होत गाभ्याकडं गेलेली, तर मात्र ती बुरशीची फळकूज. वळवाचा पाऊस झाला की ती झपाट्यानं पसरते. अशी फळं तोडून खोल पुरा. फांदीला वाळून लटकलेलीसुद्धा सोडू नका, पुढच्या वर्षीचं बी त्यांच्यातच असतं.

नेटवर जो तो 'स्कॅब' म्हणतो, म्हणजे पानाफळांवर खपलीसारखे डाग पाडणारा बुरशीचा रोग. १९७३ मध्ये काश्मीरच्या बागा त्यानं झोपवल्या होत्या हे खरं, पण त्याला गारवा आणि ओली पानं लागतात. आपली फळं फेब्रुवारी ते मे पोसतात, त्या उन्हात विट्याकडं तो येणं अवघडच. महाबळेश्वर-पाचगणीला कुणी लावली असतील तर त्यांनी शंका घ्यावी.

पानगळीचं वेगळं. पानाच्या वरच्या बाजूला गडद तपकिरी ठिपके, भोवती पान पिवळं पण मध्येच हिरवे पट्टे राहिलेले, असं असेल तर मार्सोनिना, म्हणजे पानं गाळणारा बुरशीचा रोग. पावसाळ्यात हिमाचलवालेही यानं बेजार असतात. भिंगातून ठिपक्यावर बारीक काळे दाणे दिसतात. पानं गळायला लागल्यावर फवारून हाती काही लागत नाही. जूनमध्ये फळं उतरली की पाऊस लागायच्या आत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम मारा, नंतर उघडीप बघून परत. गळालेला पाला गोळा करून जाळा, बुडात कुजू देऊ नका.

आता शेडमधल्या औषधांचं. द्राक्षाच्या भुरी रोगावरचं गंधक पारा ३२ च्या वर असताना सफरचंदाची पानं करपवतं, आणि आपल्याकडं मार्चपासून तेच असतं. फळं असताना मोरचूद मारलं तर साल खरबरीत होते. बोर्डो वापरायचाच तर डिसेंबरात पानगळ करून छाटणी झाल्यावर, एक टक्क्याचा: १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना. मुदत संपलेल्या बाटल्या तर घरच्या खायच्या फळावर नकोच.

जाता जाता, खोडावर पांढरा कापूस दिसला तर तो बोटानं चिरडून बघा. लालसर रस आला तर लोकरी मावा, बुरशी नव्हे. २००२ ला सांगलीच्या उसावर आला होता तो हा नव्हे, नाव तेवढं सारखं. ताठ ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा.

फोटो टाकाल तेव्हा कापलेल्या फळाचा आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा टाका. नुसत्या झाडाच्या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही.