रिव्हॉल्व्ह केलं, पण टोक बसलं नाही

प्रश्न : ऱ्हायनो या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घुमटाकार झाकणाचा अर्धा प्रोफाइल (उभ्या छेदाची कडेची रेषा) काढून तो रिव्हॉल्व्ह केला, म्हणजे अक्षाभोवती फिरवून सरफेस (पृष्ठभाग) बनवला. वर मधोमध पुटकुळीसारखं टोक येतं आणि कडा तपासणारी शोएजेस कमांड तिथेच नेकेड एज, म्हणजे कशालाही न जोडलेली उघडी कड, दाखवते. चुकतंय कुठे?

उत्तर : कर्व्हमध्ये, म्हणजे प्रोफाइलच्या वक्र रेषेत. चुकाही दोन आहेत, म्हणून एक दुरुस्त केली तरी दुसरी उरते.

आधी नेकेड एज. कर्व्हचं टोक अक्षापासून 0.02 मिमी जरी दूर राहिलं, तरी फिरवल्यावर मध्ये 0.04 मिमी व्यासाचं भोक राहतं. डोळ्यांना ते दिसत नाही. पण फाइलचा टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) 0.001 मिमी असेल, तर ऱ्हायनोच्या लेखी ते भोकच आहे. खालची बाजू बंद केलीत तरी सॉलिड तयार होणार नाही. अक्ष माउसने अंदाजे दिला तर तो किंचित कलतो आणि हाच घोळ होतो. फ्रंट व्ह्यूमध्ये अक्षासाठी 0,0 आणि 0,10 टाइप करून द्या. मग कर्व्हचे कंट्रोल पॉइंट (कर्व्हला आकार देणारे बिंदू) एफ10 ने दाखवा, टोकाचा पॉइंट निवडा, पॉइंट एका रेषेत आणणाऱ्या सेटपॉइंट कमांडमध्ये फक्त एक्सवर खूण ठेवा आणि 0,0 द्या. भोकावर पॅच (ठिगळासारखा सरफेस) चिकटवत बसू नका, पुन्हा रिव्हॉल्व्ह करणं सोपं.

आता पुटकुळी. अक्षावर कर्व्ह काटकोनात पोचला तरच माथा गुळगुळीत होतो. त्यासाठी टोकाचा आणि त्याच्या शेजारचा, असे दोन्ही कंट्रोल पॉइंट एकाच उंचीवर हवेत : कर्व्हचं टोक 0,0,60 वर (एक्स, वाय, झेड; झेड म्हणजे उंची) असेल, तर शेजारचा समजा 12,0,60 वर. शेजारचा खाली असेल तर माथ्यावर पुटकुळी येते, वर असेल तर खळगा पडतो. दोन्ही निवडून सेटपॉइंटमध्ये फक्त झेडवर खूण ठेवा आणि कर्व्हच्या टोकावर एंड स्नॅप करा (कर्सर नेमका टोकाला चिकटवणारी सोय). शेजारचा पॉइंट टोकाला अगदी खेटून असेल, तर गणिताने गुळगुळीत असूनही नजरेला टोकच वाटेल. जरा लांब ओढा.

प्रश्न : रिव्हॉल्व्ह केलेल्या सरफेसचे पॉइंट ओढले की घड्या पडतात. का?

उत्तर : अचूक वर्तुळासाठी तो सरफेस फिरण्याच्या दिशेने दुसऱ्या डिग्रीचा (डिग्री म्हणजे वक्राच्या समीकरणाची कोटी) असतो, चतुर्थांशांच्या सांध्यावर घडी पडणारच. रिव्हॉल्व्हची कमांड देतानाच डिफॉर्मेबल हा पर्याय 'यस' करा. मग तिसऱ्या डिग्रीचा सरफेस मिळतो, मात्र त्याचा गोल अगदी काटेकोर नसतो. ज्या भागात बेअरिंग बसवायचं आहे, तिथे हा पर्याय वापरू नका.

प्रश्न : ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेव्हसर्फने (प्रोफाइल फिरवून मेश, म्हणजे सपाट तुकड्यांची जाळी, बनवणारी कमांड) केलेला गोल दंडगोल षटकोनी का दिसतो?

उत्तर : फिरण्याच्या दिशेने किती तुकडे पाडायचे ते ठरवणाऱ्या सर्फटॅब1 या सेटिंगची मूळ किंमत 6 असते, म्हणून. ती 36 करा, दंडगोल खोडून पुन्हा काढा. आधी काढलेला मेश आपोआप बदलत नाही. प्रोफाइल वक्र असेल तर त्याचे तुकडे ठरवणारं सर्फटॅब2 सुद्धा वाढवा.